बाहेरची कडी

मी माडीवरच्या मधल्या खोलीचा दरवाजा बोलतोय. ठोकू नका हो, ऐकू येतं मला. नको तेवढं ऐकू येतं.

अस्सल सागाचा मी. मला चौकटीत बसवताना दोन गड्यांना घाम फुटला होता. केवढा माज होता मला! वाऱ्याला जुमानत नव्हतो, की पावसाळ्यात फुगत नव्हतो.

मग एक दिवस मालकांनी मला बाहेरून, अगदी वर, पितळेची कडी बसवून घेतली. त्यांची धाकटी लेक ठरलेल्या लग्नाला नाही म्हणाली होती. "चार दिवस राहू दे आत, येईल ताळ्यावर," म्हणाले. चार दिवसांची नऊ वर्षं झाली. ती आधी ओरडायची, मग ठोकायची, शेवटी खाली बसून नुसती नखं ओढायची. मी हललो नाही. मला हलता येत नव्हतं, असं मी स्वतःला सांगतो. एका सकाळी आवाज थांबला.

त्या नऊ वर्षांत ताट आत सरकवलं की मालक लहानग्या नातीला उचलून धरायचे. "लाव बरं कडी!" ती खिदळत लावायची. तिला तो खेळ वाटायचा.

ती नात आता सत्तरीला आली. तिने हे घर वाचनालयाला दिलंय. आतलं जुनं सगळं जपायचं, असं ठरलंय. सुताराने माझ्यावरचे रंगाचे थर खरवडले आणि खूश झाला. "ताई, कडी काय झकास आहे! ही ठेवू या. खाली उंदरांनी कुरतडलंय, तेवढ्या खाचा लांबी लावून बुजवतो."

"उंदीर नाहीत ते. माझी आत्या होती."

सुताराचा हात थांबला. ती आत गेली. "लाव कडी बाहेरून."

"अहो ताई, भलतंच काय!"

"लाव म्हणते ना."

त्याने लावली. आत ती खाली बसली, एकेका ओरखड्यात बोट ठेवत गेली. "आत्या, ती मीच गं," एवढंच म्हणाली. तिने ठोकलं नाही. सुतारालाच राहवेना, त्याने घाईघाईने कडी काढली.

"जुनं जपायचंय ना?" ती बाहेर येऊन म्हणाली. "मग हे ओरखडे ठेव. कडी आतून लाव."

आता कडी आतून आहे, हात सहज पोचेल अशी. मुली इथे वाचत बसतात, वाटलं तर लावून घेतात. संध्याकाळी सगळे घरी जातात आणि मी सताड उघडा असतो. तरी खालून नखांचा आवाज येतोच, रोज.

जाता जाता तिला तेवढं सांगा हो, दार उघडं आहे म्हणून. माझ्यावर ती कशी विश्वास ठेवेल?