सहा वाजता बंदर

मित्रांनो, मला हात लावताना जरा जपून! मी एक जुना नकाशा आहे. पूर्वी मला आठ घड्या होत्या, आता पाचच उरल्या आहेत, आणि डावी कड तर मुळी नाहीच. माझ्यावर छापलेल्या शहराचं नाव डुलुथ. सौदीतल्या जेद्दाच्या बलद या जुन्या पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना मी एका गोठणाऱ्या सरोवराचा नकाशा म्हणून भिंतीवर आहे. आहे की नाही गंमत? पण माझी गोष्ट गमतीची नाही.

डुलुथ अमेरिकेच्या उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाला वसलं आहे. सरोवर कसलं, समुद्रच म्हणा, फक्त पाणी गोडं. फार पूर्वीपासून तिथं ओजिब्वे लोक राहत. मग फ्रेंच आले आणि त्यांच्यातल्याच एका प्रवाशाचं नाव गावाला मिळालं. उत्तरेकडे लोखंडाच्या खाणी निघाल्या. लोखंड, लाकूड आणि गहू जहाजांत भरता भरता शहर श्रीमंत झालं, आणि पुढे लोखंडाचे दिवस पालटले तेव्हा तितकंच हिरमुसलं. घरं सगळी चढावर, टेकडीवर दगडी मनोरा, पाण्याकाठी एकोणचाळीस खोल्यांची हवेली! पण खरी शान पुलाची. जहाज आलं की तो अख्खा रस्ताच वर उचलतो. जहाज सलाम म्हणून भोंगा देतं, एक लांब, दोन आखूड. पूलही तसाच भोंगा वाजवून उत्तर देतो.

खलाशांसाठी ठेवलेल्या एका खोलीत मी फुकट मिळायचो. पंचवीसएक वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, गहू न्यायला आलेल्या जहाजावरचे दोन भाऊ तिथं आले. रत्नागिरीकडचे, दाभोळच्या खाडीवरचे. थोरला यासीन, धाकटा हाशिर. हाशिरने मला उचललं आणि म्हणाला, "भाई, काय चिकना कागद आहे बघ! आपल्या लग्नपत्रिकांनासुद्धा असा नसतो." इतकं कौतुक माझं पुन्हा कुणी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी यासीन कामावर असताना हाशिरने माझ्या डाव्या कडेवर बॉलपेनने लिहिलं आणि मला भावाच्या उशीवर ठेवलं. दोघं गावच्या मराठी शाळेत शिकलेले. अक्षर वाकडं, पण स्वच्छ होतं:

'भाई, बूट घेऊन येतो. ६ वाजता बंदर. आलोच.'

सहा वाजले. सात वाजले. यासीन बंदरावर उभा होता, मी त्याच्या खिशात. दुसऱ्या दिवशी जहाज निघालं. पोलिसांनी शोधलं, जहाजाच्या एजंटाने शोधलं. हाशिर जिवंत सापडला नाही, आणि मेलेलाही सापडला नाही. यासीनला मागे राहायची परवानगी नव्हती. जहाजाने भोंगा दिला, पुलाने उत्तर दिलं. बाकी कुणीच दिलं नाही.

यासीनने समुद्र सोडला. बलदमध्ये हाजींसाठी इहरामच्या कापडाचं दुकान टाकलं, लग्न केलं, मुलगी झाली. मी टेबलाच्या खणात, इकाम्याच्या, म्हणजे तिथं राहण्याच्या परवान्याच्या, झेरॉक्सखाली पडून राहिलो. वर्षातून एकदा तो मला काढायचा, ती ओळ वाचायचा, पुन्हा ठेवायचा. घरात कुणाला काही बोलला नाही.

मग आला अदिबाचा शाळेचा प्रोजेक्ट: जगातलं एक शहर, त्याचा इतिहास, भूगोल, बघण्यासारखी ठिकाणं. मुलगी हुशार हो! पण ती शाळेत हिंदी शिकलेली, मराठी वाचलेलीच नाही. खण उपसून तिने मला काढलं, कडेवरची ओळ वाचली आणि किंचाळली, "मम्मी, यहाँ बंदर भी है!"

फरहाना स्वयंपाकघरात बोंबील तळत होती. "मग! मोठं बंदर आहे ते. तुझे अब्बा बघून आलेत."

"सच्ची? काटा नहीं?"

"काय काटायचंय त्यात? जा गो, तेल उडतंय."

झालं! एकीच्या डोक्यात जहाजं, दुसरीच्या डोक्यात माकडं. मला चार्टवर चिकटवायचं, तर शाईने बरबटलेली कड बरी दिसणार नाही म्हणून अदिबाने कात्री घेतली. कर्र कर्र. कड कचऱ्याच्या पिशवीत गेली, आणि पिशवी खाली मोठ्या डब्यात.

शुक्रवारी जेवणानंतर तिने अब्बांना समोर बसवलं आणि छाती काढून चार्ट वाचला. मनोरा झाला, हवेली झाली, पूल झाला. "और नंबर फोर, रोज शाम छह बजे, मंकी शो!"

यासीन हसला नाही. "हे कुठं वाचलंस?"

"साइड में लिखा था, अब्बा."

"ती साइड कुठाय?"

"काट दी. गंदी थी."

तो चप्पल न घालता खाली धावला. डबा रिकामा होता, गाडी सकाळीच येऊन गेली होती. तो वर आला तेव्हा तळपाय भाजले होते. तो चार्टसमोर बसला. मग म्हणाला, "बंदर म्हणजे पोर्ट गो, बाय. जहाजं लागतात ते." आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या घरात हाशिरचं नाव निघालं.

फरहाना पदराने डोळे पुसत राहिली. अदिबाने निळा पेन उचलला. अब्बा सांगतील तशी ती ओळ तिने चार्टवर पुन्हा लिहिली. यासीनने बोट फिरवून पाहिलं. "ओळ तीच आहे," तो म्हणाला, "पण अक्षर तुझं आहे."

मित्रांनो, घरात जुना कागद सापडला तर त्यावरचं मोठ्यांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि मगच कात्री शोधा. कागद कुठेही मिळतो. गेलेल्या माणसाचं अक्षर दुकानात मिळत नाही.

आता या घरात 'आलोच' कुणी म्हणत नाही. अदिबा शाळेला निघताना नुसतं "येते" म्हणून थांबत नाही, "अब्बा, अडीचला येते," असं वेळेसकट सांगते. अडीचला दारावर बेल वाजते, एक लांब, दोन आखूड. दुपारच्या नमाजानंतर दुकान बंद करून आलेला यासीन आतून दारावर तशीच थाप देतो आणि मग कडी काढतो.

अदिबा आत येऊन दप्तर टाकते. तो मात्र उघड्या दारात थोडा वेळ उभाच राहतो, जिन्याकडे बघत.