चार वाजताची पेज

दोन हजार बावीस साली, दिवाळी सरल्यावर, कातळाच्या सड्यावर इंग्रजांचा रिसाला चढला तेव्हा चिमा चुलीवरच्या टोपात पेज ढवळत होती. धूळ दिसली तशी तिने टोपावर झाकण ठेवलं आणि पदर डोक्यावर घेऊन बाहेर आली.

घोडे देशावरून ट्रकने आले होते, इंग्रज मात्र इथलेच होते. मुंबईची एक कंपनी जुन्या काळच्या बंडाची मालिका काढत होती आणि तिला वर्षभर पुरेल असा घोडदळाचा जथा हवा होता. मिरकरवाडा बंदरावरचा हारुन घाऱ्या डोळ्यांमुळे कप्तान झाला. चिमाच्याच वाडीतला बाबल्या काळासावळा, त्याला रंग फासण्याचा खर्च नको म्हणून तो देशी शिपाई झाला. रांधण्याचं काम चिमाला मिळालं.

"कप्तानसाहेब, टोपी सरळ करा. राणी रागवंल," बाबल्या म्हणायचा.

"तू आधी घोड्यावर तोंड पुढे करून बस," हारुन म्हणायचा.

सकाळची कवायत झाली की चिमा लोखंडी पळीने टोपावर ठणाठण वाजवायची. मग इंग्रज तलवारी काजूच्या झाडाला टांगून पेज आणि भाजलेला सुका बांगडा खायला बसायचे. उरलेल्या पेजेत मीठ घालून ती घोड्यांपुढे ठेवायची. घोडेवाला हरिश्चंद्र साताऱ्याकडचा. तो पहिल्या दिवशी धावत आला.

"अवो मावशी, घोड्याला कुणी पेज घालतं व्हय? हरभऱ्यावर वाढलेली जात हाय ही."

"कोकणात आलाय ना? मग पेज खायल."

घोड्यांनी खाल्ली. महिन्याभरात अशी गत झाली, की पळी वाजली की घोडा हरिश्चंद्राचं ऐकेना. हारुनची घोडी बिजली तर दावं तोडून सगळ्यांच्या पुढे यायची.

ते वर्ष मजेत गेलं. उन्हाळ्यात कप्तानाच्या तलवारीने आंबे उतरवले गेले. पावसात चित्रण थांबलं, घोडे पत्र्याखाली बांधले, सड्यावर इवली निळी-पिवळी फुलं पसरली आणि हारुन रोज भिजत बिजलीला फिरवून आणू लागला. गणपतीत अर्धा रिसाला न सांगता गायब झाला.

"इंग्रजांना गणपतीची सुट्टी?" दिग्दर्शक शुभंकरने कपाळाला हात लावला. तो तिशीचा, पुण्याचा.

"इंग्रज झालो म्हणून आरती चुकवू काय, साहेब?" बाबल्याने विचारलं आणि त्याच्या हातावर मोदक ठेवला.

हारुनची आई इशरत शुक्रवार सोडून कधीही यायची, डब्यात तळलेली मासळी घेऊन. चिमाच्या उंबऱ्यावर बसून मुलाला दौडताना बघायची. हारुनचा बाप ट्रॉलरवर गेला तो परत आला नव्हता. मुलगाही आजवर ट्रॉलरवरच जायचा, या वर्षी पहिल्यांदा जमिनीवर राहिला होता.

"वारा सुटला तरी आता झोप लागते, चिमाबाय," ती एकदा म्हणाली. "घोड्यावरून पडला तरी खाली जमीनच हाय."

मग शेवटचा भाग आला. बंडवाल्यांची गोळी लागून कप्तान पडणार, कॅमेरा त्याच्या तोंडावर थांबणार आणि वरून चादर ओढली जाणार, असं ठरलं. इशरतला कळलं तशी ती रिक्षा करून वर आली.

"दुसरा कोण तरी मरू दे, बाबा," तिने शुभंकरला सांगितलं.

"मावशी, सगळं खोटं असतं हो. पण कप्तान पडल्याशिवाय गोष्ट संपत नाही."

"पडून लगेच उठेन गो आई," हारुन हसत म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. चुलीपाशी येऊन बसली.

"ह्याच्या बापाचं मयत बघायला नाय मिळालं," ती हळू म्हणाली. "अजून डोळे मिटले की शोधत असते. आता पोराचं बघू, ते पण सगळ्या मोहल्ल्यासोबत?"

धुतलेली पळी चिमाने पदराने पुन्हा पुसली.

शेवटच्या दिवशी दुपारी उतरतं ऊन हवं म्हणून चार वाजता रिसाला उभा राहिला. घोडे न्यायला ट्रक येऊन थांबले होते, संध्याकाळी निघायचे होते. धूर सोडला. कातळाआड बंडवाले बंदुका रोखून बसले. शुभंकरने हात वर केला, हारुनने तलवार उपसली आणि रिसाला सुटला.

तेवढ्यात काजूंच्या पलीकडून टोपावर पळी वाजली.

बिजलीने कान टवकारले आणि जागच्या जागी वळली. तिच्यामागे सगळे घोडे वळले. कप्तानाची टोपी उडाली. बाबल्या घोड्याच्या मानेला मिठी मारून ग्रामदेवतेला नवस बोलत निघाला. बंडवाले क्षणभर आ वासून बघत राहिले, मग आरोळ्या ठोकत मागे धावले. गोळी झाडायचं कोणाला सुचलंच नाही. रिसाला थांबला तो चिमाच्या दारात, टोपात तोंडं घालून.

शुभंकर धापा टाकत आला.

"आजी, पेज सकाळी असते ना?"

"वाजले किती?"

"चार."

"माज्याकडे घड्याळ कुठला, बाळा? उनावर अंदाज घेते. आज मळभ होता."

शुभंकरने वर बघितलं. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. मग त्याने मागे जाऊन चित्रण पुन्हा पाहिलं, दोनदा, आणि तिसऱ्यांदा पाहताना खुर्चीत वाकून हसू लागला.

"पळालेला इंग्रज मेलेल्यापेक्षा बरा दिसतोय," तो म्हणाला. "राहू दे असंच."

ऊन गेलं, घोडे ट्रकमध्ये चढले. हारुन बिजलीच्या मानेवर बराच वेळ हात ठेवून उभा होता.

शेवटचा भाग टीव्हीवर लागला तेव्हा मिरकरवाड्यात लोकांनी कप्तानाला पळताना बघून शिट्या मारल्या. इशरतही हसली, डोळे उघडे ठेवून. शुभंकरच्या मालिकेला बक्षीस मिळालं, ते पळण्याच्या प्रसंगालाच. बाबल्या मुंबईला सुरक्षारक्षक झाला. गणवेश चढवला की आरशाला सलाम ठोकतो म्हणे. हरिश्चंद्राने फोन करून पेजेत मीठ किती ते विचारलं. बिजली त्याच्याकडेच आहे. हारुन ट्रॉलरवर परत गेला नाही. बंदरावर बर्फाचा टेम्पो चालवतो, मोहल्ल्यातल्याच इकराशी त्याचं लग्न झालं.

पुढच्या ईदला इशरतने चिमाला शीरखुर्म्याच्या डब्यासोबत भिंतीवरचं घड्याळ पाठवलं. चिमाने ते चुलीच्या वर, पळीशेजारी टांगलं. सेल मात्र अजून घातलेला नाही.