एका कॅरेटचा हर्रास

चाळीस वर्षं संसार करूनही पार्बताबाईंनी नवऱ्याचा आवाज नीट ऐकला नव्हता. डोमाजी शेंदूरजनाघाटच्या संत्राबाजारात हर्रास बोलायचे, म्हणजे लिलाव पुकारायचे. त्या गळ्यावर घर चालायचं, म्हणून घरी तो जपलेला. हळदीचं दूध प्यायचं आणि मानेनंच हो-नाही सांगायचं. बायकोला हाक मारायची तर नुसतं "अवं". मागच्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि तेवढंही संपलं. बाजारात म्हणे त्यांची हाक अर्ध्या गावाला ऐकू जायची. त्या हाकेत असं होतं तरी काय, हे कोडं बाईंच्या डोक्यात तसंच राहिलं.

उत्तर होतं अमरावतीच्या प्रणालीपाशी. आवाज जायच्या आधी ही पोरगी दोन हंगाम कॅमेरा घेऊन डोमाजींच्या मागं हिंडली होती. पदरमोड करून तिनं सिनेमा केला आणि आता तो पोर्तुगालातल्या एका महोत्सवानं निवडला. राहणं-खाणं त्यांचं, विमानभाडं हिचं. अमरावती-अकोल्याची ओळखीची सगळी दारं वाजवून झाली, तरी तीस हजार कमीच. तिकिटाला मंगळवारपर्यंतची मुदत.

"सिनेमा एकटाच जाऊ दे ना, माय," पार्बताबाई म्हणाल्या.

"तिथं सिनेमे विकत घेणारे येतात, काकू. मी समोर नसली तर कोण विचारते? तो माझ्या लॅपटॉपमधीच पडून राहीन."

"आन मंग आमाले कदी दिसन थो?"

प्रणालीनं निदान सिनेमातला आवाज तरी बाजारात ऐकवायचं ठरवलं.

रविवारी बाजार आटोपल्यावर तिनं हातगाडीवर स्पीकर ठेवला आणि शेजारी मदतीसाठी पत्र्याचा डबा. गाडीला टेकून डोमाजी बसले. झेंडू विकून साठवलेल्या पैशांचा बटवा कमरेला खोचून पार्बताबाईही आल्या, पहिल्यांदाच त्या पुरुषांच्या गर्दीत. डब्यात दहा-वीसच्या नोटा पडत होत्या. गावाला देवळासाठी हात सैल सोडता येतो, सिनेमा म्हटलं की खिसे शिवलेले!

"संत्री इकनं पायाले गोरे लोक काहून येतीन?" खुशालराव व्यापारी कुरकुरले.

तेवढ्यात स्पीकर गरजला. "बोला, बोला! मालाकडे पाहा, माह्याकडे पाहू नका! आठशे एकवार! आठशे दोनवार!"

पार्बताबाईंच्या अंगावर काटा आला. आवाज चिडवत होता, गोंजारत होता, ऐन 'दोनवार'वर थबकून सगळ्यांना ताटकळत ठेवत होता. हा माणूस आपल्या घरी जेवतो? बाईंना हसू आलं, आणि रागही आला.

"साडेआठशे!" खुशालराव ओरडले.

बाजार खो-खो हसला. बिचाऱ्यांनी जीभ चावली, पण तीस वर्षांची सवय सुटते थोडीच? शिवाय हर्रासात दिलेला शब्द फिरत नाही. डोमाजी उठले, गाडीवरचं संत्र्यांचं एक कॅरेट खुशालरावांपुढं ठेवलं आणि तळहात पसरला. खुशालरावांनी निमूट पैसे मोजले. डोमाजींनी कॅरेट पुन्हा गाडीवर चढवलं. देवळात प्रसादाचा नारळ लिलावात घेणारा परत ठेवतो आणि तोच पुन्हा बोलीला चढतो, तसं. एका क्षणात सगळ्यांना खेळ कळला.

प्रणालीनं आवाज मागं नेला. घेणाऱ्याचं नाव पुकारल्याशिवाय सौदा पक्का होत नाही. रेकॉर्डिंगमध्ये जुने भाव, जुनी नावं होती, म्हणून ती तिथं थांबवायची, डोमाजी बोट दाखवायचे आणि गर्दी नवा भाव, नवं नाव पुकारायची. बोली हजारावर गेली, मग तीन हजारांवर. खुशालराव तर ईर्ष्येला पेटून चारदा बोलले. शेवटी खिसे रिकामे झाले आणि तीस हजारांना दोन हजार कमी पडले. कॅरेट पुन्हा नव्यानं बोलीला चढलं.

"दोनवार!" म्हणून आवाज थबकला. कोणी बोलेना.

"एकवीसशे," पार्बताबाई म्हणाल्या.

डोमाजी वळले. बोट उचललं, पण गर्दी गप्प. बाजाराला त्या डोमाजींची घरवाली म्हणून माहीत, फार तर काकू. नाव कोणालाच ठाऊक नव्हतं.

"सांगा ना, डोमाजीभाऊ!" खुशालराव म्हणाले. "नावाबिगर सौदा पक्का कसा होईन?"

डोमाजींचे कान लाल झाले. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा त्यांनी हे नाव चुकवलं होतं. सवयीनं त्यांनी घसा खाकरला, छाती भरून घेतली, तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. ओठ मात्र सावकाश हलले, एकेका अक्षरावर थांबत, आणि नाव पुरं झालं.

पार्बताबाईंनी डोळे पुसले आणि बटवा डब्यात उलटा केला.

"आयकू आलं मले," त्या म्हणाल्या.