दालाचाचा बाजार

"मीठ दिऊ नगा म्हंते म्या!" टुमे काटेरी कुंपणाच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. "तीन दिसांचं तानेलं जनावर. त्येला मीठ चाटवलंत तर इहिरीवर पोट फुटंस्तवर पानी पील."

"तेवढंच तर पायजे," हातातला काळ्या मिठाचा खडा चोळत तिचा नवरा जारसो म्हणाला. "पोट तट्ट दिसलं की भाव चढतो. माज्या बानं असंच इकलं, त्येच्या बानंबी."

"तवा पोटात गवत व्हतं, त्यावर पानी. आता नुसतंच पानी. आडात न्हाई ते पोहऱ्यात कुठनं येनार, बोरूचे बा?"

"तू दुधाचं बघ. बैलाचं मला कळतंय."

बोराना गुराख्यांच्या घरात वाद इथंच मिटतो. दूध बाईचं, बैल बाप्याचा. पण हा बैल दुधावरच तर उभा राहिला होता. राखी रंगाचा, म्हणून दालाचा. चार वर्षांमागं भर पावसात जन्मला, तेव्हा टुमेनं त्याला घरात चुलीजवळ बांधला. आईचे दोन सड त्याचे, दोन घरचे. घरच्यांना कमी पडलं तरी त्याच्या दोन सडांना तिनं कधी हात लावला नाही. खच्ची केला, त्या दिवशी जखमेला लोणी तिनंच लावलं. गेल्या साली वशिंड डेऱ्यासारखं झालं, व्यापारी दारात आला, तर जारसो म्हणाला, "अजून भरू द्या की." मग एक पाऊस चुकला. दुसराही चुकला. आता गोठ्यात तीन गाई उरल्या होत्या, एक गाभण, एक दालाचाची म्हातारी आई, हाडांवर कातडं टाकल्यासारख्या. दालाचा विकला तर ट्रकवरचं गवत येणार होतं, आणि गवत आलं तर तिघी पावसापर्यंत टिकणार होत्या.

विहिरीत माणसावर माणूस उभा राहून, गाणं म्हणत, चामड्याच्या बादल्या वर देत होता. मीठ चाटलेल्या दालाचानं हौदात तोंड घातलं ते काढलंच नाही.

"बघ, बघ!" जारसो हरखला. "नगारा झालाय नगारा!"

बाजाराच्या वाटेवर लाल धुरळा नाकातोंडात जात होता. अर्ध्या वाटेत दालाचा थांबला, थरथरला, आणि मुतला. मातीवर पडलं ते तांबडं होतं. जारसोनं पायानं माती लोटली नि काठी उगारली.

"चल रं राजा, जवळच हाय आता."

आदान व्यापारी पुष्कळ वर्षांचा ओळखीचा. त्यानं बैलाच्या पाठीवर थाप मारली, शेपूट ओढलं, डोळ्यांत पाहिलं.

"जारसो, झोकांड्या का खातोय ह्यो?"

"चालून दमलाय. तू दमत न्हाईस व्हय? ढेरी बघ तुजी!"

आजूबाजूचे हसले. आदान हसला नाही. टुमेकडं वळला. ही बाई रोज सकाळी वाकाला, आभाळातल्या देवाला, दुधाचे चार थेंब शिंपडल्याशिवाय कुणाला दूध देत नाही, दूध आटलं तशी पाण्याचे शिंपडते, हे साऱ्या मुलखाला ठाऊक.

"माय, तू सांग. मीठ चारलंय का?"

जारसो तिच्याकडं टक लावून राहिला. तिच्या डोळ्यांपुढं तिन्ही गाई आल्या. मग बैल नेणारा आदानचा ट्रक आला. चार दिवसांची वाट, उन्हात उभं जनावर, आणि मधेच गुडघ्यावर आलेला दालाचा.

"चारलंय," ती हळूच म्हणाली. "मुतबी तांबडं आलंय."

आदाननं सुस्कारा टाकला. "ट्रकवर घालता येत न्हाई मग. हितल्या खाटकाला दे. सांज व्हायच्या आत."

खाटकानं दिलेल्या पैशांत गवताच्या चार पेंढ्या आल्या. दालाचाच्या कपाळावरून तिनं एकदा हात फिरवला आणि पेंढ्या उचलल्या.

परतीच्या वाटेवर जारसो फुटला. "एक शबूद खोटा बोलली असतीस तर जीभ झडली असती का? पन्नास पेंढ्या आल्या असत्या!"

"आन त्यो ट्रकात तडफडून मेला असता. फुडच्या बाजारी आपल्या वस्तीच्या एका जनावराला कुनी हात लावला नसता. देव देतो आन करम नेतं, बोरूचे बा. करम आपलं. वाकाला कशाला दोस द्यायचा?"



घराशी आल्यावर गवताच्या वासानं तिन्ही गाई उठायला बघू लागल्या. जारसोनं पेंढी सोडली. "वाटून घालू तिघींना."

"तिघींना वाटलं तर तिघीबी जात्यात."

"मग?"

टुमेनं पेंढी उचलली आणि गाभण गाईपुढं टाकली. दालाचाची आई, म्हातारी, धडपडत पुढं सरकली. तिची जीभ गवताला लागणार, तेवढ्यात टुमेनं तिचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि बाजूला वळवलं. गाभण गाय खाऊन उठेपर्यंत ती ते तसंच धरून बसली.