मायाक्काच्या पायावरचं बाळ

गल्लीतली निम्मी पोरं मायाक्काच्या पायावर न्हाऊनच मोठी झालेली. लुगडं गुडघ्यावर घेऊन ती पाय पसरायची, बाळाला उपडं-उताणं करत तेलानं रगडायची, कानात नि नाकात तेल सोडायची. पोरानं टाहो फोडला आणि त्याच्या आईचा जीव खालीवर झाला, की मायाक्का दटावायची, "रडू द्या की! छाती भरतीया."

अशा बाईच्या लेकीचंच बाळ सर्दीनं घुरघुरायला लागलं. सोनालीचं हे पहिलं बाळंतपण. तिचा गुंडा जेमतेम अडीच महिन्यांचा. डॉक्टरीणबाईंनी मिठाच्या पाण्याचे थेंब दिले आणि दुसरं काही नाकात घालू नका म्हणून बजावलं. मायाक्का भडकलीच. "मिठाचं पाणी? नाक हाय का लोणच्याची बरणी?"

तिचं स्वतःचं औषध कनवटीला होतं. टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवताना सुताची कुसं नाकात जायची, नाक चोंदायचं. मेडिकलवाल्यानं स्प्रे दिला होता, चार-पाच दिवसच मारा म्हणाला होता. त्याला आता तीन वर्षं झाली. औषध उतरलं की नाक आधीपेक्षा घट्ट बसायचं, मग ती पुन्हा मारायची.

रविवारी जावई शहाजी मोहोळहून न्यायला येणार होता. शेंबडं, किरकिरं पोर त्याच्या हाती कसं द्यायचं? लेकीची माहेरी आबाळ झाली म्हणतील, ही धास्ती तिला खात होती. त्याआधी बुधवारी सकाळी गुंडा दूध ओढायचा, श्वास कोंडला की सोडून किंचाळायचा. सोनाली धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली. बाळ पायावर उताणं होतं. मायाक्कानं तेल सोडायची तशीच कनवटीची स्प्रेची बाटली नाकपुडीवर उलटी धरली आणि दाबली. उलट्या बाटलीतून फवारा कुठला येतोय? धारच लागली. तिनं दुसरी नाकपुडीही तशीच भरली.

आणि खरंच, नाक मोकळं झालं! पोटभर पिऊन बाळ झोपलं. "बगितलास आजीचा हात?" मायाक्का लेकीला म्हणाली. शेजारची पारूबाई डोकावून म्हणाली, "लई गुणी लेकरू गं, आवाज न्हाय त्येचा."

दूध प्यायची वेळ टळली तरी बाळ उठेना. सोनालीनं उचललं तर हात लुळा खाली पडला. पाय गार. एक श्वास घेतला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही पाजलं? नाकात काही घातलं?"

"मिठाचे थेंबच," सोनाली रडत म्हणाली आणि आईकडे बघू लागली.

कनवटीची बाटली मायाक्काला टोचत होती. फोन गेल्याबरोबर शहाजी मोहोळहून निघाला होता. "तेल," ती म्हणाली. "नेहमीचं तेल घातलं."

मग धावपळ उडाली. मेंदूपर्यंत जंतू गेले असतील, पाठीतलं पाणी काढून बघावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सलाईनसाठी नर्सनं इवल्या हातात सुई टोचली, एकदा हुकली, पुन्हा टोचली. गुंडा हूं की चूं करेना. एवढ्या पोरांना न्हाऊ घातलं, पण सुई टोचल्यावर गप राहिलेलं लेकरू मायाक्कानं बघितलं नव्हतं.

"थांबा वो!" तिनं बाटली काढून पुढं धरली. "म्या ह्ये घातलंय. धार लागली हुती, बाई."

डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं वाचलं. "हे मोठ्या माणसांचं आहे. एवढ्याशा बाळाला याच्या थोड्या थेंबांनीही गुंगी येते, श्वास मंदावतो. मघाशी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"



गुंडाला रात्रभर श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले. शहाजी रात्रीच येऊन पोचला होता. सोनाली आईला बोलली ती घरी आल्यावर. "तुला त्यातलं कळत नव्हतं, आई, ते मी सोसंन. पण माझं लेकरू मराय लागलं हुतं आणि तू तेल म्हणालीस."

रविवारी निघण्याआधी तिनं बाळाला स्वतःच न्हाऊ घातलं, मोरीचं दार लावून. हात सराईत नव्हता. गुंडानं घर डोक्यावर घेतलं. मायाक्का उंबऱ्याशी बसलेली. बाटली तिनं तेव्हापासून हातात धरली नव्हती. नाक गच्च बसलं होतं, तोंडानं श्वास चालला होता.

"अगं, जा की आत," पारूबाई म्हणाली. "किती रडतंय लेकरू!"

"रडू दे," मायाक्का म्हणाली. "छाती भरतीया." आणि पदर तोंडात कोंबून ती हुंदके देऊ लागली.