चंद्राकाकूंची उजवी दाढ

आषाढी एकादशीच्या फराळात खडा निघाला, तिथून हे सगळं सुरू झालं. दिल्लीत वरीच्या तांदळांना सामक म्हणतात आणि ते चांगले पाकीटबंद मिळतात, म्हणून चंद्राकाकूंनी त्या दिवशी निवडायचा कंटाळा केला. तिसऱ्या घासाला उजवीकडे कडकन आवाज झाला. समोर श्यामकांत दाण्याची आमटी भुरकत होते. त्यांना काही कळलं नाही, कारण काकू बोलल्याच नाहीत. बोलणार कशा? त्याच सकाळी त्यांनी चातुर्मासाचा नेम धरला होता. कार्तिकी द्वादशीपर्यंत जेवताना मौन.

पानातलं संपवून, हात धुऊन, देवापुढे नमस्कार करून मग त्या म्हणाल्या, "अहो, दाढ फुटली वाटतं."

"वाटतं म्हणजे?"

काकूंनी पदराच्या टोकातून दाढेचा कपचा सोडवून त्यांच्या तळहातावर ठेवला.

श्यामकांत केंद्र सरकारातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये काढून आता दिल्लीतल्याच द्वारकेच्या सोसायटीत दोघंच राहत होते. मनाने माणूस अगदी लोण्यासारखा, पण बायकोच्या वतीने बोलायची त्यांना सवय. काकू लग्न होऊन साताऱ्याहून आल्या तेव्हा त्यांना हिंदीचा एक शब्द येत नव्हता. भाजीवाल्याशी, घरमालकाशी, डॉक्टरांशी श्यामकांतच बोलायचे. पुढे काकूंना हिंदी छान यायला लागलं, सत्संगात तुलसीरामायणाच्या चौपाया म्हणायला लागल्या, तरी बोलायचं काम श्यामकांतांकडेच राहिलं. त्यांचं वाक्यही ठरलेलं होतं. "हमारी मिसेज को सब चलता है." आणि काकूंना खरंच सगळं चालत गेलं. उन्हाकडची खोली चालली, अळणी वरण चाललं. गावी जाताना गाडीतली वरची बर्थ चालली.

श्रावणात दाढेचं रूट कॅनॉल झालं. सेक्टरच्या मार्केटमध्ये पहिल्या मजल्यावर डॉक्टर बत्रा म्हणून एक तरुण मुलगी बसायची, हात हलका होता तिचा. ती म्हणाली, "आंटी, दाढ अब खोखली हो गई है. ऊपर कैप नहीं लगवाई तो बची हुई भी टूट जाएगी." पण मग पितृपक्ष आला, त्यात नवीन काही करायला काकूंचं मन घेईना. मग नवरात्राचे उपवास, मग दिवाळीचा फराळ. चार महिने काकू डाव्या बाजूने जेवल्या. भाकरीचा पापुद्रा दुधात बुडवून, काकडी किसून. श्यामकांतांना वाटत होतं, नेमाचाच काही भाग असेल.

दिवाळीनंतर कॅप तयार होऊन आली. डॉक्टरनी ती कच्च्या सिमेंटने बसवली आणि म्हणाली, "हफ्ताभर खाके देखिए. सोमवार को पक्का कर देंगे."

पहिल्याच जेवणात काकूंना समजलं की कॅप उंच आहे. तोंड मिटलं की ती एकटीच आधी टेकायची, बाकीच्या दाढा नुसत्या लोंबकळत राहायच्या. घास उजवीकडे नेला की कानापर्यंत ठणका जायचा. तोंडात घास, म्हणजे बोलायचं नाही. घास परत डावीकडे. आणि जेवण झालं की ठणका थांबायचा, मग कशाला कुणाला सांगा.

"कशी आहे गं कॅप?" श्यामकांत विचारायचे.

"बरी आहे."

रविवारी, नवमीला, काकू घंटा घासायला बसल्या. जेवताना मौन धरलेल्याने उद्यापनाला देवळात घंटा द्यायची असते. काकूंनी पितळेची छोटीशी घंटा पुष्कळ आधी आणून कपाटात साडीत गुंडाळून ठेवली होती. चिंचेने घासून, धुऊन, पुसून त्यांनी ती एकदा हलवली. एवढीशी वस्तू, पण आवाज सगळ्या घरात गेला. आतल्या खोलीतून श्यामकांतांनी विचारलं, "कोण आलंय?"

काकू घंटेकडे बघत बसल्या. आपण मौन फक्त जेवणाचं धरलं होतं. बाकीच्या वेळी आपण वेगळं काय केलं? हे चार महिने तर देवाला दिलेले, त्याचं पुण्य असेल ते असेल. पण त्या आधीची, लग्नापासूनची एकेचाळीस वर्षं कुणाला दिली? आणि उद्या ती मुलगी पक्कं सिमेंट लावील. मग उरलेला जन्म डावीकडून जेवायचं, तेही बरं आहे म्हणत.

त्यांनी सकाळच्या नैवेद्यातला खोबऱ्याचा तुकडा कागदात बांधला आणि पर्समध्ये टाकला.

सोमवारी डॉक्टर बत्रांनी दिवा खाली ओढला. "आंटी, कोई दिक्कत? पक्का कर दें?"

"बिल्कुल कर दीजिए," मागच्या खुर्चीवरून, वर्तमानपत्राच्या आडून श्यामकांत म्हणाले. "हमारी मिसेज को सब चलता है."

डॉक्टर वळून सिमेंटची डबी उघडायला लागली. काकूंनी खुर्चीतूनच हात वर केला.

"रुकिए. ऊँची है."

वर्तमानपत्र खाली आलं. "काय झालं?"

"कॅप उंच आहे. आठवडाभर उंचच आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"आता बोलतेय ना."

डॉक्टर गोड हसली. "आंटी, शुरू में थोडा लगता है. आदत हो जाएगी."

"हो जाएगी बेटा," काकू त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. "मुझे हर चीज की हो जाती है. इसीलिए तो कह रही हूँ."

डॉक्टरनी डबी बंद केली. निळा कागद काकूंच्या दातांत धरला, "दांत बजाइए" म्हणाली, आणि कॅपवर निळा डाग उठला तेवढा भाग घासला. पुन्हा कागद, पुन्हा घासणं. तीनदा झालं.

"अगं, झालं की आता. बाहेर पेशंट बसलेत," श्यामकांत म्हणाले.

"बसू देत. आपण नाही का बसलो?"

मग काकूंनी पर्स उघडली, खोबऱ्याचा तुकडा काढला आणि उजवीकडे ठेवून चावायला लागल्या. आता तोंडात घास, म्हणजे नेम आला. काकू डोळे मिटून शांतपणे चावत राहिल्या.

"कैसा लग रहा है?" डॉक्टरनी विचारलं.

काकू गप्प.

"ठीक है, ठीक है," श्यामकांत म्हणाले.

काकूंनी डोळे न उघडता त्यांच्या दिशेला एक बोट वर केलं. श्यामकांतांनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं. डॉक्टर एकदा काकूंकडे, एकदा काकांकडे बघत उभी राहिली. खोबरं काही लवकर संपणाऱ्यातलं नसतं. ते पुरतं बारीक झालं, गिळून झालं, वर पाण्याचा घोट झाला, तेव्हा काकू बोलल्या.

"पीछे का कोना. अंदर की तरफ. वहाँ अभी भी पहले लगता है."

डॉक्टरनी आरसा आत घातला, दिवा फिरवला. मागच्या कोपऱ्यात, जिभेच्या बाजूला, तिळाएवढा निळा ठिपका होता.

"आंटी, यह तो मैं भी छोड देती," ती म्हणाली. आवाजात कौतुक होतं.

पन्नास वर्षं ताटात तांदूळ पसरून खडे वेचले होते काकूंनी. एकदाच कंटाळा केला होता.

तो ठिपकाही घासला गेला. काकूंनी तोंड मिटलं आणि सगळ्या दाढा एकदम, एका वेळी, एकमेकींना भेटल्या. किती दिवसांनी भेटल्या. काकूंनी पुन्हा मिटून पाहिलं. मग आणखी एकदा, नुसतं सुख म्हणून.

"अब लगाइए," त्या म्हणाल्या.

डॉक्टरनी कॅप काढून पक्क्या सिमेंटने पुन्हा बसवली. ते सुकेपर्यंत दहा मिनिटं कापसाचा बोळा चावून बसायचं होतं. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेली. श्यामकांत खुर्ची ओढून जवळ आले. वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"अगं," शेवटी ते म्हणाले, "गाडीतली वरची बर्थ. ती तर तुला चालायची ना?"

तोंडात बोळा. काकूंनी मान हलवली. नाही.

"कधीच नाही?"

नाही.

"आणि अळणी वरण?"

काकूंनी असं पाहिलं की श्यामकांतांनी तिसरा प्रश्न विचारलाच नाही.

द्वादशीला पारणं करून दोघं सेक्टरच्या शंकराच्या देवळात गेली. पुजाऱ्याने घंटा गाभाऱ्याच्या दारावर साखळीत अडकवली, लोलकाला दोरी बांधली आणि म्हणाला, "बजाइए माताजी." काकूंनी हलकेच दोरी हलवली. मग दुसऱ्यांदा दोरी चांगली ओढून सोडली. बाहेर चपला काढणाऱ्यांनी माना वर केल्या.

संध्याकाळी सोसायटीच्या अंगणात तुळशीचं लग्न लागलं. मंडपाला ऊस होते, आणि प्रसादाला हातगाडीवरून आणलेल्या गंडेऱ्या, सोलून तुकडे केलेला ऊस. डॉक्टरनी ऊस दातांनी सोलायचा नाही म्हणून सांगितलं होतं. सोललेल्याबद्दल ती काही बोलली नव्हती. काकूंनी एक गंडेरी उचलली, उजवीकडे ठेवली आणि दाबली. गोड रस थेट उजव्या गालात उतरला. नेम संपला होता, आता तोंडात घास असतानाही बोलता येत होतं.

श्यामकांत मोबाइलवर पुढच्या महिन्याचं साताऱ्याला जायचं तिकीट काढत होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "बर्थ कुठली टाकू?"

"खालची," काकू म्हणाल्या. "खिडकीजवळची. जाताना आणि येतानाही." आणि त्यांनी दुसरी गंडेरी घेतली.