पर्चच्या बरणीवरचं लेबल

शहाद्याच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी लॅबमधल्या सगळ्या बरण्यांची यादी फोटोंसकट इंटरनेटवर टाकायचं काम माझ्याकडे आलं. बहुतेक मासे तापीतले. एकच वेगळा होता, पाठीवर काटे, अंगावर काळपट पट्टे. तो युरोपातल्या तळ्यांमधला पर्च. कोणा परदेशी शिक्षकाने फार पूर्वी दिलेला, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. लेबलावर शास्त्रीय नाव आणि खाली अनोळखी भाषेतल्या दोन ओळी होत्या.

तीन महिन्यांनी स्वीडनमधल्या एका संग्रहालयातल्या बाईंची मेल आली. त्यांच्या जुन्या नोंदवहीत दोन पर्च होते, एक त्यांच्याकडचा आणि एक भारतात गेलेला. त्यांचा केव्हाच खराब झाला, आणि तळ्याच्या नावाची जागा वहीत कोरीच होती. माझ्या फोटोतल्या लेबलावर ते नाव होतं. पण तिकडे दोन तळ्यांची नावं जवळपास सारखीच. एकाच्या अक्षरावर बारीक गोल, दुसऱ्याच्या अक्षरावर दोन टिंबं. गोल असलेल्या तळ्यातले सगळे मासे पुढे आम्लाच्या पावसाने मेले होते. 'लेबल नंतर कोणीतरी बॉलपेनने लिहिलेलं दिसतं,' त्या बाईंनी विचारलं होतं. 'भरवसा ठेवावा का?'

लेबल लिहिणारे करमसिंग पावरा तीस वर्षं लॅब अटेंडंट होते. आता निवृत्त होऊन धडगावजवळ गावी राहत होते. फोन लागेना, म्हणून रविवारी मी जीपने घाट चढून गेले.

ते अंगणात मका सोलत बसले होते. कॉलेजातून आले म्हटल्यावर त्यांनी आधी विचारलं, "मॅडम, बरण्यांत फॉर्मॅलिन भरता ना वेळेवर?"

मी लेबलाचा फोटो दाखवला.

"जुन्याला कसर लागली होती. सर म्हणाले, नवं लिही. मला ती भाषा येत नव्हती. मग चित्र काढावं तसं काढलं. दोन दिवस लागले."

"हा गोल?"

"होता म्हणून काढला. मनानं कशाला घालू?" मग हातातलं कणीस खाली ठेवून म्हणाले, "जुनं फेकलं नाही मी. नव्याच्या खालीच आहे."

सोमवारी ओला कापूस लावून मी लेबल सोडवलं. खालचा कागद कसरीने चाळणी केलेला होता, पण गोल शाबूत होता. त्याचा फोटो मी लगेच पाठवला.

पंधरा दिवसांनी करमसिंगभाऊंच्या नावाने पत्र आलं. त्या तळ्याचा जुना मासा आता जगात हा एकच होता, आणि संग्रहालयाच्या नोंदीत 'लेबलाची नक्कल' या शब्दांपुढे त्यांचं नाव लागलं होतं. मी पुन्हा गावी जाऊन ते पत्र मराठीत वाचून दाखवलं.

"तिथं आता मासे आहेत का?" त्यांच्या पत्नी गजराबाईंनी विचारलं.

"चुना टाकून पाणी सुधारलंय. दुसरीकडचे पर्च आणून सोडलेत, ते वाढताहेत."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि माझ्यासाठी आमचूर पिशवीत भरू लागल्या.

करमसिंगभाऊंनी पत्रावरून हात फिरवला. "नोकरीत मला कोणी कधी रागावलं नाही. पण असं पत्रही कोणी दिलं नव्हतं. मॅडम, माझे आभार लिहा त्यांना. मासा देणाऱ्या त्या मास्तरांचेही लिहा."

ते सांगत गेले, मी फोनवर लिहीत गेले. घरात नेटवर्क नव्हतं. ते मला मागच्या टेकडीवर घेऊन गेले आणि मेल गेली असं मी सांगेपर्यंत तिथेच उभे राहिले.